ब्युरो नावाचं कापड

महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या हातात पहिलीपासून एक फ्रेंच शब्द येऊन गेलेला असतो. बालभारतीच्या पुस्तकावर 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे' असं एका दमात न म्हणता येणारं नाव असतं. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या इंग्रजी नावात 'मंडळा'च्या जागी 'ब्युरो' बसलाय. हाच ब्युरो लाचखोरांच्या मागे लागला की 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' होतो, सरकारी बातम्या वाटायला बसला की 'पत्र सूचना कार्यालय', आणि लग्नं जुळवायला लागला की परत मंडळ, वधू-वर सूचक. सोन्यावर हॉलमार्क द्यायची वेळ आली तेव्हा मात्र भाषांतर करणाऱ्यांनी हात टेकलेले दिसतात, कारण तिथे सरळ 'भारतीय मानक ब्युरो' आहे.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फ्रेंच माणूस 'ब्युरोत' जातो, 'ब्युरोपाशी' बसतो, कॉम्प्युटर सुरू करतो आणि 'ब्युरोवरची' फाइल उघडतो. पहिला ब्युरो म्हणजे ऑफिस, दुसरा टेबल, तिसरा पडद्यावरचा डेस्कटॉप. मत द्यायचं तेही ब्युरोत, सिगारेट आणि पोस्टाची तिकिटं घ्यायची तीही ब्युरोत. या तंबाखूच्या ब्युरोबाहेर लाल रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती पाटी टांगलेली असते. तिला ते 'गाजर' म्हणतात, कारण पूर्वी तंबाखू तशा गुंडाळ्यांमध्ये विकली जायची. आणि एखाद्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार एकत्र आले की त्या मंडळींचाही ब्युरोच होतो. म्हणजे बालभारतीवाल्यांचं 'मंडळ' अगदीच काही वावगं नाही.

या सगळ्या गोतावळ्याचा मूळ पुरुष मात्र जाडंभरडं लोकरी कापड आहे. 'ब्यूर' नावाचं, तपकिरी, अंगाला टोचेल असं. ख्रिस्ती मठांतले साधू त्याचे झगे घालत. मध्ययुगात पैसे मोजायला किंवा हिशेब लिहायला बसताना टेबलावर असलं कापड अंथरत, ते ब्युरो. मग कापडाखालचं टेबल ब्युरो झालं, टेबलाभोवतीची खोली ब्युरो झाली, खोलीत बसणारी माणसं ब्युरो झाली. कापड कधीच विरून गेलं. एवढं फुकटात पसरलेलं दुसरं कापड नसेल. (आपल्या दप्तराचा प्रवासही काही कमी नाही. मूळ ग्रीक शब्द कातड्याचा, तो फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत दफ्तर म्हणजे ऑफिस, पुण्यात पेशवे दप्तर म्हणजे रुमालांत बांधलेले लाखो कागद, आणि पोरांच्या पाठीवर नुसती पिशवी. त्याच ग्रीक कातड्यावरून डिप्थेरिया, म्हणजे घटसर्पालाही नाव मिळालंय, हे शाळेत जायला रडणाऱ्या मुलांना कळू न दिलेलं बरं.)

कापडाचं टेबल झाल्यावर त्याची किती चैन झाली ते पाहायला व्हर्सायला जावं. पंधराव्या लुईसाठी १७६० मध्ये एबेन नावाच्या कारागिराने एक ब्युरो करायला घेतला आणि रिझनर नावाच्या दुसऱ्याने तो १७६९ मध्ये पुरा केला. वरचं गोल झाकण सरकून बंद होतं आणि एकाच किल्लीने झाकण, खण सगळं कुलूपबंद. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शाईची सोय. दौती बाजूच्या छोट्या खणांत होत्या, म्हणजे नोकराने बाहेरून शाई भरावी, राजाच्या कागदांना त्याचा हात लागू नये. कार्यालयीन गोपनीयतेचा इतका देखणा नमुना पुढे कुठल्या कार्यालयाला जमला नाही.

त्याच सुमाराला व्हँसाँ द गुर्ने नावाचा एक गृहस्थ सरकारी व्यापार खात्यात अधिकारी होता. आधी स्पेनमधल्या कादिझ बंदरात व्यापार केलेला माणूस, त्यामुळे परवाने आणि शिक्के यांचा त्याला मनस्वी वैताग. ब्युरोला मागून ग्रीक शेपूट जोडून 'ब्युरोक्रसी' हा शब्द त्याने काढला असं मानतात. तो १७५९ मध्ये वारला. पुढे १७६४ मध्ये पॅरिसमधून वार्तापत्रं लिहिणाऱ्या बॅरन ग्रिमने लिहून ठेवलंय की गुर्ने याला फ्रान्सला जडलेला एक रोगच म्हणायचा. नोकरशाहीला शिव्या देणारा पहिला माणूस स्वतः नोकरशहा होता, याचं आपल्याकडच्या कुणालाही आश्चर्य वाटू नये.

इंग्रजांनी हा शब्द उचलला तो फर्निचरसकट. इंग्लंडमध्ये ब्युरो म्हणजे उतरत्या झाकणाचं लिहायचं टेबल, खाली खण. अमेरिकेत गेल्यावर वरचं लिखाणकाम गळालं, नुसते खण उरले आणि त्यांत कपडे गेले. म्हणजे अमेरिकन बाई ब्युरोतून स्वेटर काढते तेव्हा लोकर पुन्हा लोकरीपाशी येते. तिथलाच दुसरा ब्युरो गुन्हेगार पकडतो. एफबीआयमधला 'बी' तोच.

या कापडाला एक नाजूक बहीण आहे. 'त्वाल' म्हणजे कापड, 'त्वालेत' म्हणजे छोटं कापड. तेही टेबलावरच अंथरायचे, पण साजशृंगाराच्या. मग तिथली सगळी सामग्री त्वालेत झाली, नटणंमुरडणं त्वालेत झालं, पुढे त्या कामाची खोलीही. इंग्रजीत त्याच खोलीतून घसरत घसरत ते कुठे जाऊन पोचलं ते सांगायला नको. फ्रेंचमध्ये अजून एकवचनी त्वालेत म्हणजे आवरणं, सजणं. अनेकवचनी मात्र संडास. अत्तराच्या बाटलीवर 'ओ द त्वालेत' वाचून आपल्याकडचे पाहुणे हळूच बाटली खाली ठेवतात, तिथे त्या एकवचनाकडे लक्ष दिलेलं बरं.

ब्युरोची सगळ्यात खट्याळ शाखा मात्र युरोपाबाहेर फुटली. फ्रेंच सैन्याच्या हेरखात्याला 'दुसरा ब्युरो' म्हणत. १८७१ मध्ये ते स्थापन झालं. काँगो, कॅमेरूनसारख्या फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांत 'दुसरा ब्युरो' म्हणजे नवऱ्याची बाहेरची बाई. घरी सांगायचं, आज ब्युरोत उशीर होणार आहे. खोटं तरी कसं म्हणायचं! आणि काँगोच्या राजधानीतल्या, किन्शासातल्या बायकांना हे गणित पुरेपूर ठाऊक असतं, कारण तिथे 'तिसरा ब्युरो'ही चालतो.