४५ दिवसांचं पिल्लू मी का देत नाही

"ताई, ४५ दिवस झाले ना? मग आज घेऊन जाऊ का?" प्रत्येक वेताला हा प्रश्न येतो, आणि जवळजवळ प्रत्येक घराकडून येतो. विचारणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याकडे पिल्लांचा बाजार ४५ दिवसांवरच चालतो, काही जण तर ३५व्या दिवशीच पिल्लू हातात ठेवतात. माझ्याकडची डूडल पिल्लं, म्हणजे लॅब्रडोर आणि पूडल या कुत्र्यांच्या संकराची, दोन महिन्यांची होईपर्यंत घर सोडत नाहीत. फोनवर एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून नीट लिहिते.

बाजाराचं गणित सोपं आहे. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं आईच्या अंगावर पितात, विकणाऱ्याला खर्च जवळपास नाही. मग दात टोचायला लागतात, आई उठून जायला लागते, आणि खाणं, जंताचं औषध, लस हे सगळं एकदम सुरू होतं. सात-आठ पिल्लं खायला लागली की फरशी दिवसातून किती वेळा पुसावी लागते ते विचारूच नका. आणि नेमकं त्याच सुमारास पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं. मग विकणारा थांबेल कशाला?

कायदा मात्र थांबायला सांगतो. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कुठूनही पिल्लू घ्या, नोंदणीचा कागद आधी मागा. समोरचा चिडला तर चहा न घेता उठा.

पण मी थांबते ते मुख्यतः भावंडांसाठी. पाचव्या आठवड्यापासून पिल्लं दिवसभर एकमेकांना चावतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, आईशी तसं केलं तर ती गुरकावते. दात किती दाबायचे हे पिल्लू असं शिकतं. माणसाला ते शिकवता येत नाही असं नाही, पण त्यासाठी तुमच्या मुलाच्या पोटऱ्या वापराव्या लागतात. इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये ३० ते ४० दिवसांत आईपासून तोडलेले कुत्रे आणि ६० दिवसांनी नेलेले कुत्रे यांची तुलना केली. लवकर नेलेल्यांत घाबरटपणा, अती भुंकणं, वस्तूंची नासधूस, खाण्यावरून आणि खेळण्यावरून गुरगुरणं जास्त आढळलं. "आमचा कुत्रा वाटीला हात लावू देत नाही" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, घरी आणला तेव्हा केवढा होता?

भावंडांएवढंच घरही लागतं. १९६१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. उंच कुंपणाआड, माणसाचा स्पर्शही न होता चौदा आठवडे वाढलेली पिल्लं पुढे जंगली जनावरासारखी राहिली, ती माणसाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्यापर्यंत जे ओळखीचं होतं त्याची पुढे सहसा भीती राहत नाही. म्हणून माझी पिल्लं हॉलमध्ये वाढतात. आमचं घर चारकोपला, बैठं. कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्यावरचा पाऊस, गल्लीतून ओरडत जाणारा भंगारवाला, गणपतीत ढोल, हे सगळं त्यांच्या कानांवर झोपेतच पडतं. ढोल आधी लांबून, मग दार उघडून. पाहुण्यांत हेल्मेटवाला, काठी टेकणारे आजोबा, रेनकोट घातलेला पोस्टमन, सगळे चालतात. फक्त चपला फाटकाबाहेर आणि हात साबणाने धुऊन, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू चपलेवरून घरात येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. फरशीला नुसतं फिनेल लावून भागत नाही, ब्लीच लागतं.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शू करायला लागतात. तेव्हाच कोपऱ्यात वेगळा ट्रे ठेवला, तर पुढे फ्लॅटमध्ये तुमचं निम्मं काम झालेलं असतं. जाळीच्या पिंजऱ्यात, सगळं एकाच जागी करत वाढलेल्या पिल्लाची ही सवय मोडलेली असते.

डूडलचं आणखी एक प्रकरण म्हणजे केस. पूडलचे केस वाढतच राहतात. मुंबईच्या पावसाळ्यात भिजलेला कुरळा कुत्रा नीट वाळवला नाही तर केसांचे नमद्यासारखे थर होतात, आत कातडी सडते, कान वाहायला लागतात. रोज कंगवा आणि सहा-आठ आठवड्यांनी कात्री, यातून सुटका नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून मी रोज एकेकाला मांडीवर घेते, पंजे दाबते, कानात बोट फिरवते, ब्रश लावते, ड्रायर दूर ठेवून चालू करते. ४५ दिवसांत हे जेमतेम सुरू झालेलं असतं.

ॲलर्जीचंही सांगून टाकते, कारण निम्मे लोक डूडल त्यासाठीच मागतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्रडोर आणि पूडलचा संकर केला तो हवाईतल्या एका अंध बाईसाठी. तिच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. त्या वेतातल्या तीन पिल्लांपैकी एकच त्याला चाललं. तेव्हाही खात्री नव्हती, आता तर अजिबात नाही. ॲलर्जी करणारं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतं, केस न गळणाऱ्या कुत्र्यातही असतंच. घरात कोणाला धाप लागत असेल तर माझ्याकडे या, शेवंतीला, म्हणजे पिल्लांच्या आईला, मांडीवर घेऊन तासभर बसा, पुन्हा एकदा या. मग बोलू.

"केसीआयचे पेपर देणार का?" याचं उत्तर एका वाक्यात: डूडल ही संकरित जात, केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद करत नाही. असे पेपर दाखवणाऱ्याकडून दुसरंही काही घेऊ नका. त्याऐवजी आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांचे रिपोर्ट बघा. खुब्याचं दुखणं आणि हळूहळू दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक आजार लॅब्रडोरमध्येही असतो आणि पूडलमध्येही. दोन्हीकडून तोच दोष आला तर संकर काही वाचवत नाही.

मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज हवंय म्हणून दोन आठवडे आधी मागणारे बाबा दरवेळी असतात. त्यांना मी सांगते, वाढदिवसाला पट्टा आणि वाटी द्या, आणि मुलीला इकडे घेऊन या. तिला हॉलमध्ये खाली बसवू, कोणतं पिल्लू तिच्याजवळ येतं ते बघू. काही रागावून दुसरीकडून आणतात. आणू देत.

नेल्यानंतरही काम उरतंच. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षात बसवा, भाजीबाजार दाखवा, लिफ्टमधून वर-खाली करा. आईच्या वासाचा फडका देते तो धुऊ नका. आणि खाणं निदान पहिला आठवडा अजिबात बदलू नका. बदललंत की जुलाब, आणि मग रात्री अकराला फोन मलाच.