पोट भरलेलं, तरी मेंढ्या खंगलेल्या: वाळल्या गवताचा माझा अनुभव

हिरव्या चाऱ्यावरच्या दख्खनी मेंढ्या डोंगरी वाळल्या गवतावर आणायच्या, तर 12 ते 15 दिवस घ्यावेत. दर चार दिवसांनी पाव हिस्सा हिरवं कमी, तेवढंच वाळलं जास्त. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. विकत घेतलेलं गवत बी गळून काडी पिवळी पडल्यावर कापलेलं होतं. गव्हाण भरलेली, डावी कूस टम्म, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. लेंड्या बारीक, कोरड्या, टणक. एक तळहातावर फोडली तर आत काड्यांचे तुकडे तसेच.

भूक कमी झाली म्हणून मेंढी खंगत नाही. कोटीपोट, म्हणजे चारा आधी साठतो आणि कुजतो तो पोटाचा मोठा कप्पा, रिकामं होत नाही म्हणून ती खाऊ शकत नाही. पिकलेल्या गवतात लिग्निन (काडी कडक करणारा, न पचणारा भाग) वाढतं आणि प्रथिनं 3-4 टक्क्यांवर उतरतात. कोटीपोटातल्या जिवाणूंना एकूण खाद्यात निदान 7 टक्के लागतात. त्याखाली ते वाढत नाहीत, काडी फुटत नाही, आणि खाल्लेलं गवत आतच मुक्काम ठोकतं.

यावर सल्ला मात्र जो तो एकच देत होता: मक्याचा भरडा वाढवा. त्याची चीड अजून गेलेली नाही. भरड्यातल्या स्टार्चने कोटीपोटात आम्ल वाढतं, सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) 6 च्या खाली गेला की काडी पचवणारे जिवाणूच आधी थंडावतात. म्हणजे अडलेलं आणखी अडतं. कमी होती ती प्रथिनं.

हिशोब साधा आहे. समजा मेंढीने दिवसाला किलोभर वाळलं गवत खाल्लं, तर 4 टक्क्यांनी त्यातून 40 ग्रॅम प्रथिनं मिळतात. 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली की आणखी 40-45 ग्रॅम मिळतात आणि आपण 7 टक्क्यांच्या वर जातो. पेंड फोडून वास घ्या. कुबट वास आला तर ती ढेप बाजूला काढा, बुरशीचं विष यकृतावर जातं. सुबाभळीचा पालाही चालतो, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. जास्त झाला तर लोकर गळते.

पेंड सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात लेंडी ओलसर आणि काळसर झाली, तेव्हा जिवात जीव आला. कोटीपोट चालतंय का, हे डाव्या कुशीत मूठ दाबून धरली की कळतं: मिनिटाला एक-दोन लाटा मुठीला जाणवायला हव्यात. दुपारी कळप बसला की निम्म्याहून जास्त मेंढ्या रवंथ करताना दिसल्या पाहिजेत.

पाण्याचं आधी सांगायला हवं होतं. एक किलो वाळल्या गवतामागे 2 ते 3 लिटर पाणी लागतं. ते कमी पडलं की पोट गच्च होतं. गवताची कुट्टी (तुकडे) 2-3 सेंटिमीटरची करा. पीठ करू नका: चावणं कमी होतं, लाळ कमी सुटते, आणि गवत न पचताच पुढे सरकतं.

पुढच्या हंगामात गवत स्वतः कापणार असाल तर निम्मं फुलोऱ्यात असताना कापा. कुसळी गवत तर कुसळं (टोकदार काटेरी बी) धरायच्या आधीच कापायचं, नाहीतर ती हिरड्यांत रुततात. पिळल्यावर काडी मोडली तरच गंज रचायची. युरिया प्रक्रिया केलेली वैरण लहान कोकरांना घालू नका, त्यांचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं.