अर्ध्या पॉइंटासाठी सव्वातीन तास

आपण तसे हौशी खेळाडू. दुकान बंद केलं की सात रस्त्याजवळ एका मित्राच्या घरी बुद्धिबळाचे चार डाव टाकायचे, चहा प्यायचा, एवढाच आमचा क्लब. त्यातनं या वर्षी आमचे कॅप्टन अण्णा यांनी कप स्पर्धेला चार जणांची टीम टाकली आणि चौथ्या बोर्डाला, म्हणजे चौथ्या पटावर, माणूस कमी पडला म्हणून मला बसवलं. मे महिना, सोलापूरचं ऊन, बेचाळीसच्या वर पारा, शाळेच्या हॉलमध्ये दोन कूलर आणि त्यांचा आवाज एवढा की घड्याळाचं बटण दाबलेलं पण ऐकू येईना.

समोर बार्शीची टीम. माझ्या पुढ्यात बारा-तेरा वर्षांची पोरगी, दोन वेण्या, पाण्याच्या बाटलीवर स्टिकर. मनात म्हटलं चला, सोपं दिसतंय. ही माझी पहिली चूक. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून आमच्या गल्लीतल्या पोरी पण क्लासला जायला लागल्यात, तेव्हा वेणी बघून अंदाज लावायचे दिवस गेले.

वेळ प्रत्येकी साठ मिनिटं, वर प्रत्येक चालीला तीस सेकंद. मधल्या डावाचं काही सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतंच, एक प्यादं फुकट घालवलं एवढं खरं.

तासाभरानं बघतो तर आमच्या पहिल्या बोर्डानं डाव मारलेला. लै भारी वाटलं. पण दोन नंबरच्या आमच्या भाऊचा खिशातला मोबाईल वाजला. घरनं फोन होता, शेंगा चटणी कुठल्या दुकानातनं आणू म्हणून. नियमच तसा आहे, फोन वाजला की डाव गेला, पंचांनी शांतपणे कागदावर सही घेतली. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालतं. तिसरा बोर्ड बरोबरीत सुटला, दोघांना अर्धा-अर्धा पॉइंट. म्हणजे दीड-दीड, आणि आता सगळं माझ्यावर.

बरं, बरोबरी झाली तरी चालणार होतं, कारण दोन-दोन झाले तर ज्यांनी वरचा बोर्ड जिंकलाय ते पुढं जाणार असं स्पर्धेच्या नियमात होतं. आमचा पहिला बोर्ड, त्यांचा दुसरा. म्हणजे मला अर्धा पॉइंट पुरे, पण पटावर माझा एक राजा, एक हत्ती आणि तिच्याकडं राजा, हत्ती आणि एक प्यादं. घड्याळात चाळीस सेकंद. हाताला घाम, चाल लिहिताना कागद चिकटत होता.

अण्णांकडं बघितलं. कॅप्टन पोझिशनबद्दल एक शब्द बोलू शकत नाही, फक्त बरोबरी मागू का घेऊ का एवढंच विचारता येतं. मी विचारलं, अण्णा, ऑफर करू का? "कर की, कुणाची वाट बघतोस बे." मग चाल करून ऑफर केली. पोरीनं मान पण वर केली नाही, फक्त नाही म्हणाली.

आता हा शेवट अण्णांनी आम्हाला दहा वेळा घासून घेतलेला. फिलिडोर नावाचा अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस, खरा धंदा ऑपेराला संगीत द्यायचा, त्यानं शोधलेली आयडिया. आपला राजा प्याद्याच्या समोर ठेवायचा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेवर, तिच्या राजाला पुढं यायला वाटच द्यायची नाही. बाकी काही करायचं नाही, हत्ती त्याच रांगेत इकडं तिकडं. आणि हे काही न करणं किती अवघड असतं ते तिथं बसल्यावर कळलं! मध्ये एकदा शह दिसला, हात हत्तीच्या वर गेला पण, नुसता टेकला असता तरी हलवायलाच लागला असता. मागं कुणीतरी खाकरलं. हात खाली घेतला आणि पाणी प्यालो.

वीस-बावीस चाली ती फिरवत राहिली. मग वैतागून प्यादं माझ्याकडून तिसऱ्या रांगेत ढकललं. बस्, तेवढ्याचीच वाट होती. हत्ती सरळ तिच्या टोकाला नेला आणि मागून शह, परत शह, परत शह, कारण प्यादं पुढं गेल्यावर तिच्या राजाला आडोसाच उरला नव्हता. पाच-सहा शहांनंतर तिनं स्वतःच हात पुढं केला.

अण्णांनी पाठीवर असा दणका दिला की पेन खाली पडलं. पोरगी मात्र उठलीच नाही, तिनं सोंगट्या मागं मांडल्या आणि म्हणाली, "काका, इथं तुम्ही उंटानं घोडा मारला असता तर मी हरले होते." बघितलं तर खरंच की! तेवढ्यात त्यांच्या सरांनी हाक मारली, एसटी सुटायची होती, आणि ती जाता जाता अजून एक चाल दाखवून गेली. ती मला अजून नीट कळलेली नाही.

पुढच्या फेरीला भाऊचा मोबाईल अण्णांच्या डिकीत राहणार आहे.