मु. पो. झुमरी तलैया

रामबागेतल्या आमच्या घरी झुमरी तलैया हे गाव नव्हतं, ती शिवी होती. चपला उलट्या घातल्या, पाहुण्यांपुढे पाणी ठेवायचं विसरलं, की आत्या विचारायची, "झुमरी तलैयाहून आलायस का रे?" (पुण्याचे नातेवाईक आम्हा इंदूरवाल्यांकडे साधारण त्याच नजरेनं बघतात, पण ते असो.)

यंदा कामानिमित्त गयेला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. झुमरी तलैयाला जायचं तर झारखंडातलं कोडरमा गाठायचं, रेल्वेनं दीडेक तासावर. गुरपा सोडलं की घाट, जंगल, बोगदे. उतरल्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, "झुमरी तिलैया जाना है." तो हसला. "भैया, उतर तो गए!" स्टेशनचं नाव कोडरमा, गाव झुमरी तिलैया. हो, पाट्यांवर 'तिलैया'च आहे. 'तलैया' आपण केलं.

२०११च्या जनगणनेत इथली वस्ती ८७ हजारांवर होती, म्हणजे हे खेडं नाहीच. गावाची भरभराट झाली ती अभ्रकामुळे. एका दुकानदारानं गल्ल्याजवळचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. नखानं टोकरला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले, इतके पातळ की त्यांतून समोरची पाटी वाचता यावी. बोटं दिवसभर चमचमत होती. विजेच्या उपकरणांसाठी हा माल परदेशी जायचा. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानं खाणींवर बंधनं आली, बाहेरची मागणीही आटली. आता गरीब माणसं जुन्या ढिगाऱ्यांतून 'ढिबरा', म्हणजे अभ्रकाचा चुरा, वेचतात. त्यात लहान पोरंही असतात. हे ऐकल्यावर बोटांवरची चमक पुसावीशी वाटली.

आणि रेडिओ! १९५२मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी (आपलेच!) आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास बंद केली, तशी सगळी जनता रेडिओ सिलोनकडे वळली. मग १९५७मध्ये विविध भारती आली. दोन्हीकडे फर्माइशी पाठवण्यात हे गाव सगळ्यांच्या पुढे. खिशात अभ्रकाचे पैसे, संध्याकाळी दुसरा उद्योग नाही, त्यामुळे पत्रांची चढाओढ लागायची. प्रतिस्पर्ध्याची पत्रं निघूच नयेत म्हणून पोस्टमनला चहापाणी दिलं जायचं, असंही सांगतात. निवेदक रोज ते नाव घेणार, देश रोज ऐकणार. इतकं ऐकलं की लोकांना वाटलं, असं गाव असणारच नाही, कुणीतरी गंमत करतंय.

दुपारी बराकर नदीवरचं तिलैया धरण बघितलं. दामोदर खोरे महामंडळाचं हे पहिलं धरण, १९५३चं. पाणी सुंदर, ऊन फार. परत येऊन कलाकंद खाल्ला. इथला कलाकंद नावाजलेला आहे. आमच्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या रबडीची शपथ घेऊन सांगतो, रवाळपणात तो कमी नाही. पावशेर तिथेच संपला.

निघताना पोस्टात गेलो. पन्नास पैशांचं कार्ड घेतलं आणि आत्याला लिहिलं, "हो, तिथूनच लिहितोय." दहा दिवसांनी तिचा फोन.

"कार्ड मिळालं. शिक्का काही वाचता येत नाही बघ, नुसतं काळं झालंय. कुठूनही टाकलं असशील."