नेओ राउख पाहायचा तर दोन दिवस हवेत

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, लाइपझिग-प्लागविट्झ स्टेशनवर एस-बानमधून (तिथली लोकल) उतरलो की श्पिनराय पायी गाठता येते. ही सुताची गिरणी 1884 साली सुरू झाली. आज तिथे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत. लाल विटांच्या त्या इमारती लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला परक्या वाटत नाहीत. चित्रकार नेओ राउखचा स्टुडिओ इथेच आहे, पण तो बघायला मिळत नाही. रविवार-सोमवार बहुतेक गॅलऱ्याही बंद, त्यामुळे वारी मंगळवार ते शनिवारच्या आत बसवा.

राउखचा जन्म 1960 चा, शिक्षण पूर्व जर्मनीच्या काळातलं, इथल्याच कला महाविद्यालयात. अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखी दृश्यं रंगवणारा, म्हणून त्याची ओळख करून देतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच्या चित्रातलं स्वप्न कामाला जुंपलेलं असतं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे लांब कोट घातलेले पुरुष आणि समाजवादी पोस्टरवरचे कामगार एकाच अंगणात राबतात, पण काय बांधतायत ते कळत नाही. अडीच-तीन मीटरच्या कॅनव्हासवर एक माणूस शेजारच्याच्या दुप्पट असतो, आणि तो जवळ उभा आहे म्हणून नव्हे. गोष्ट शोधत बसलात की चित्र हातचं जातं. आधी मापं बघा, मग हातातली अवजारं.

राजकारण बहुधा असं आडूनच येतं. 2019 मध्ये मात्र एका समीक्षकाने त्याच्यात उजवा कल पाहिला, तेव्हा त्याने 'डेअर आनब्रॉयनर' (तपकिरी रंग फासणारा) रंगवलं. त्यातला माणूस स्वतःच्या विष्ठेने चित्र काढतोय. तपकिरी हा नाझींचा रंग, शीर्षकातला टोमणा त्यावरच. लिलावात ते साडेसात लाख युरोंना गेलं. मला ते त्याचं सर्वात सपाट चित्र वाटतं. राग आला की त्याचं गूढ संपतं.

दुसऱ्या दिवशी नाउमबुर्ग हे गाव. स्टेशनपासून कॅथेड्रल वीसेक मिनिटं चालत. लोक पश्चिमेकडच्या उटा या मध्ययुगीन सरदारपत्नीच्या पुतळ्याकडे धावतात आणि वायव्य मनोऱ्याच्या तळातलं संत एलिझाबेथचं छोटं चॅपल राहून जातं. राउखच्या तीन लाल खिडक्या तिथे आहेत, 2007 च्या. आत गेल्यावर दोन मिनिटं थांबा. डोळे अंधाराला सरावले की लालातून रेषा वर येतात, एलिझाबेथच्या आयुष्यातले प्रसंग: युद्धावर निघालेला नवरा, भिकाऱ्याला वस्त्र, आजाऱ्याची सेवा. मोबाइलने फोटो काढाल तर नुसता लाल डाग उमटतो. एक्स्पोजर बरंच खाली आणा.

वेळ उरला तर हाले इथे गाडी बदलून आशर्सलेबेन या गावी जा. तिथल्या ग्राफिक संग्रहालयात त्याच्या प्रत्येक छापचित्राची एक प्रत ठेवतात. प्रदर्शन बदलताना ते बंद असतं, तारखा बघूनच तिकीट काढा.