पुडी सैल पडली आणि घर कोरडं करायची वेळ आली

आमच्या घरातल्या दमटपणाचं निदान तबल्याच्या सरांनी केलं. लेकीने क्लासला नेलेल्या तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, त्यांनी एक टिचकी मारली आणि विचारलं, "घरात ओल आहे का गं? पुडी पार सैल पडलीय." घरी आल्यावर मी कपाट उघडलं. बाबांच्या जुन्या कोटाच्या कॉलरवर पांढरी-हिरवट लव होती, चामडी पट्ट्यावरही तेच. चिवडा सादळलेला, मिठाला पाणी सुटलेलं. हे दरवर्षीचंच, पण तोवर "पावसाळा आहे, चालायचंच" एवढंच आमचं उत्तर होतं.

आम्ही पुण्याच्या पश्चिमेला, वारज्यात राहतो. पूर्वेला, हडपसरला माझी मावशी असते. ती फोनवर "आमच्याकडे भुरभुर आहे नुसती" म्हणते तेव्हा आमच्याकडे छत्री उलटी होत असते. शहराची पश्चिम बाजू डोंगराला जवळ, त्यामुळे पाऊस जास्त. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की पुढचे चार दिवस आमचे टॉवेल वाळत नाहीत, हा हिशेब पक्का.

आईचा उपाय एकच: "खिडक्या उघड, वारा खेळू दे." बायकोचा उपाय: "एसी लाव." मी दोघींच्या मधे आर्द्रता मोजायचं एक यंत्र आणून ठेवलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असं ते मिळालं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं. पण स्वस्तातलं, म्हणून त्याच्या आकड्यावर किती विसंबायचं, हे आधी तपासलं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेतलं आणि त्यावर पाण्याचे मोजके थेंब टाकले. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवलं. अशा ओल्या मिठाच्या वरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी यंत्र ६९ दाखवत होतं. म्हणजे दर वेळी ६ मिळवायचे. यंत्राच्या पाठीला "+६" अशी चिठ्ठी चिकटवली. पुढचे सगळे आकडे ते मिळवूनच.

मग आठवडाभर घरभर फिरलो. हॉल ७८, स्वयंपाकघर ८१, आमची खोली ७९, आणि आमच्या खोलीतल्या कपाटाच्या आत, कोटांच्या मागे, ८८. आकडा सतत सत्तरच्या वर राहिला की बुरशीचं फावतं; साठच्या खाली ठेवता आलं तर ती सहसा धरत नाही. आम्हाला मजल मारायची होती ती एवढीच.

आईच्या खिडकीची परीक्षा आषाढातल्या एका भिजट दुपारी घेतली. खिडक्या बंद असताना ७६. सगळ्या खिडक्या उघडून पंखे लावले, छान गार वाटलं, आणि तासाभरात ८४. आई यंत्राकडे पाहून म्हणाली, "बिघडलंय ते." बिघडलं नव्हतं. पाऊस चालू असताना बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा वाफ सहसा फारशी कमी नसते, आणि गार हवेत वाफ मावते कमी, म्हणून खोली गार झाली की तेवढ्याच वाफेची टक्केवारी आणखी चढते. पंखा हवा फिरवतो, तिच्यातलं पाणी बाहेर टाकत नाही. पण आईचंही अगदी चूक नव्हतं. दोन सरींच्या मधे लख्ख ऊन पडतं, त्या उघडिपीत खिडक्या उघडल्या तर आकडा खरोखर उतरतो. तेव्हा तह असा झाला: ऊन असेल तर आईचं, पाऊस असेल तर माझं.

एसीने मात्र निराशा केली. आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत दीड टनाचा एसी आहे. एप्रिलमध्ये देव वाटतो. ऑगस्टमध्ये खोली मुळातच २७ अंशांवर असते, एसी २५ वर लावला की दहा मिनिटांत त्याचं काम संपतं आणि कॉम्प्रेसर बंद. पाणी निघतं ते कॉम्प्रेसर चालू असताना, गार पडलेल्या नळ्यांवर वाफेचं पाणी होऊन. तो थांबला आणि पंखा फिरत राहिला, की नळ्यांवरचं पाणी परत खोलीत. आकडा होता ८०, तासाभराने ८२! ड्राय मोडवर थोडं बरं होतं, पण खोली इतकी गारठायची की आईचे गुडघे कुरकुरायचे. उकाड्यावरचं औषध दमटपणाला लागू पडत नाही, हे मला चाळीशी उलटल्यावर कळलं.

मग प्रश्न पडला की एवढं पाणी घरात येतं कुठून. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा काढला. कोरडे कपडे ४ किलो, मशीनमधून पिळून निघालेले ६ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे दांडीवर टाकलेली प्रत्येक धुण्याची खेप सव्वादोन लिटर पाणी घरातच सोडते. गॅसचंही तसंच. १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपतो तेव्हा सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडलेलं असतं. आमचा सिलिंडर दीड महिना चालतो, म्हणजे रोजचे अर्धा लिटर, कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या. आमची चिमणी धूर गाळून हवा परत घरातच सोडणारी, तिचा इथे उपयोग शून्य. खिडकीत जुना गोल एक्झॉस्ट होता, काजळी धरून बसलेला. तो साफ करून चालू केला, आणि भात शिजेपर्यंत तो बंद करायचा नाही असा नियम लावला. आंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू, दार बंद. मशीनचा पिळण्याचा वेग एक पायरी वाढवला. आकडा तीनचारने उतरला. फुकटात तेवढाच.

एवढं करूनही आमच्या खोलीची पश्चिमेची भिंत ओलीच. तिथे रंगाचे पोपडे सुटत होते. वॉटरप्रूफिंगवाल्याने येऊन भिंतीवर नुसता हात फिरवला आणि अख्ख्या बाहेरच्या बाजूला केमिकल मारायचा आकडा सांगितला. आकडा ऐकून आईने त्याला दुसरा चहा विचारला नाही. मी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर बंद केल्या, आणि तसाच दुसरा तुकडा कपाटामागच्या भिंतीवर लावला. दोन दिवसांनी पश्चिमेच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला थेंब होते: पाणी भिंतीतून येत होतं. कपाटामागचा तुकडा आतून कोरडा, वरून ओलसर: तिथे खोलीतली हवाच गार भिंतीवर दव धरत होती. म्हणजे दोन वेगळे रोग. पहिल्याचं मूळ निघालं खिडकीच्या छज्जाच्या वरची एक भेग. पावसाच्या उघडिपीत सोसायटीच्या माणसाने ती भरली, रंग दिवाळीनंतर. दुसऱ्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, बस्स.

शेवटी हवेतलं पाणी काढणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, घेतलं. डब्यावर दिवसाला २० लिटर असं छापलेलं असतं, पण ते ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. पुण्यातल्या पावसाळ्यात, जरा गार हवेत, ते कमीच निघतं. मी हिशेब केला होता की आमच्या सातशे फुटांच्या घरात सगळ्या हवेत मिळून साडेतीन लिटर पाणी असेल. पहिल्या चोवीस तासांत यंत्राची टाकी तीनदा ओतली, अकरा लिटर! तेव्हा लक्षात आलं की पाणी हवेत नव्हतंच, ते गाद्यांत, उशांत, पुस्तकांत, प्लायवूडमध्ये मुरलेलं होतं, आणि हवा कोरडी झाली की ते बाहेर येत होतं. चौथ्या दिवसापासून रोजचे चार-पाच लिटर. आता हॉल ५८, आमची खोली ६०. स्वयंपाकघर अजूनही सत्तरच्या आसपास, म्हणून पापड-चिवडा रबर असलेल्या डब्यातच.

दोन तक्रारी. हे यंत्र खोली तापवतं, दोन अंश सहज, म्हणून ते माणसं नसलेल्या खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, दारं-खिडक्या लावून चालवतो. रात्री पॅसेजमध्ये ठेवून खोल्यांची दारं उघडी. आणि आवाज जुन्या फ्रिजसारखा. वीज रोज अडीच युनिटच्या आसपास जाते, पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने. टाकीतलं पाणी आई फरशी पुसायला घेते. "स्वच्छ दिसतंय, पण प्यायचं नाही," असं ती प्रत्येक पाहुण्याला बजावते, जणू कुणी पेला घेऊन उभाच आहे.

दसऱ्यानंतर यंत्र माळ्यावर गेलं. मार्चमध्ये एका दुपारी आकडा २६ होता. लेक क्लासहून आली ती तोंड पाडून: सर म्हणाले पुडी फार ताणलीय, सूर चढलाय. आई स्वयंपाकघरातून पातेलंभर पाणी घेऊन आली आणि तबल्याशेजारी ठेवलं.