वस्ताद आणि टक्केवारी

दोन वर्षं माझे केस आप्पांनी घरातच कापले. परसात पाट मांडायचा, जुनं धोतर गळ्याभोवती गुंडाळायचं आणि शिवणाच्या कात्रीनं मागून सरळ रेघ. सलूनमध्ये जाणं मला जमत नव्हतं. तिथं जिकडंतिकडं आरसे, आणि बाकावरची माणसं हळू बोलली की ती माझ्याबद्दलच बोलतायत अशी खात्री.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी मशीनच्या घरघरीतून माझं नाव ऐकू यायला लागलं. मशीन बंद केलं तरी थांबेना, तेव्हा आई दवाखान्यात घेऊन गेली. स्किझोफ्रेनिया. पुढं गोळ्या, वाढलेलं वजन, दोनदा भरती. आवाज कमी झाले, पण मी गादी सोडत नव्हतो.

मेलबर्नची मावसबहीण फोनवर म्हणाली, तिकडं सरकारी दिव्यांग योजनेत २०२० पासून 'रिकव्हरी कोच' मिळतो, म्हणजे मानसिक आजारातून परत उभं राहायला साथ देणारा माणूस. काही शिकून आलेले, काही स्वतः असा आजार भोगलेले. आप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे वस्ताद." तालमीत उमर गेलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! पण शब्द बरोबर बसला. वस्ताद काही आपली कुस्ती खेळत नाही.

अशी पाटी लावलेलं कोल्हापुरात मला कुणी माहीत नव्हतं. आमच्या डॉक्टरांकडच्या समुपदेशक बाईंनी एका गृहस्थांशी गाठ घालून दिली. तेच माझे वस्ताद. पन्नाशीचे, वीस वर्षं बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं कधी फार खचतं असा आजार, त्यावरची लिथियमची गोळी चालू, त्यासाठी रक्त तपासून घेण्यात कधी कसूर नाही. पैसे घेत नाहीत. चहा मात्र दोन कप लागतो.

पहिल्या भेटीत त्यांनी 'गोळ्या घेतोस का' विचारलंच नाही. "ह्या महिन्यात काय करावंसं वाटतंय तुला?" मला काही सुचेना. चहा गार झाला. मग म्हणालो, "केस कापायचेत. दुकानात."

रविवारी गर्दी, सोमवारी बंद, म्हणून मंगळवारची दुपार ठरली. पहिल्या मंगळवारी समोरच्या टपरीवर नुसता चहा. दुसऱ्या मंगळवारी सलूनच्या बाकावर दहा मिनिटं, पेपर तोंडासमोर धरून. तिसऱ्या मंगळवारी खुर्ची. अर्धं डोकं झालं आणि कारागिरानं केस कापायचं मशीन कानाजवळ आणलं. तीच घरघर. मी गळ्यातल्या कापडासकट उठलो आणि थेट रस्त्यावर. वस्ताद मागून आले, पण 'चल परत' म्हणाले नाहीत. कोपऱ्यावर नुसते शेजारी उभे राहिले. केएमटीच्या दोन बस गेल्या. शेवटी मीच म्हणालो, "अर्धं डोकं घेऊन घरी कसं जायचं?" आत जाऊन कारागिराला सांगितलं, मशीन नको, कात्री चालवा. तो "बरं" म्हणाला. झालं! असं सांगता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांच्या बाबतीतही तेच. सकाळी अकरापर्यंत माझे डोळे उघडत नसत. वस्ताद औषधात पडत नाहीत. "कितीला झोपलास, कितीला उठलास, वहीत लिहून ने आणि तूच बोल," म्हणाले. आठवडाभराच्या वेळा नेल्या, तर डॉक्टरांनी रात्री दहाची गोळी आठवर आणली.

त्याच वहीत आता माझ्या धोक्याच्या खुणा आहेत: कडी दोनदा तपासणं, जेवणाचं ताट खोलीत मागणं, सलग तीन रात्री जागरण. शेवटच्या पानावर, परत भरती व्हायची वेळ आली तर काय. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननं माझी मान आखडली होती, ते तिथं ठळक लिहिलंय. आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलाय. मी आईचं नाव घातलंय. आप्पा जरा रुसले.

मग दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. सवलतींसाठी ४० टक्के तरी दिव्यांगत्व लागतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजाराच्या वर्षांचे गुण वेगळे. जितकं जमत नाही तितके गुण जास्त. आणि मी तर सहा महिने 'जमतं' म्हणायला शिकत होतो!

डॉक्टरांनी विचारलं, "एकटे बाहेर जाता?"

मी छाती काढून, "हो, सलूनला जातो."

आप्पांनी टेबलाखालून चिमटा काढला.

"आणखी कुठं?"

"आणखी... सलूनलाच."

वस्तादांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, वाढवून सांगू नकोस, पण नुसता चांगला आठवडा सांगणं हेही अर्धं खोटंच. ते आठवलं. मग अंघोळीविना गेलेले दिवस सांगितले, आईवर ओरडलो तेही सांगितलं. गळा दाटून आला. ५० टक्के मिळाले. घरी सगळ्यांना बरं वाटलं, मी मात्र त्या संध्याकाळी जेवलो नाही. वहीत जमलेलं लिहायचं, कागदावर न जमलेलं. दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही आणि मला दोन्ही लागतात.

पुढच्या महिन्यापासून जुन्या मालकांकडं अर्धा दिवस काम आहे. लेथवर नाही, व्हर्निअर घेऊन माप तपासायचं. दिव्यांगाचं कार्ड त्यांना दाखवायचं की नाही, हे वस्ताद दर भेटीत विचारतात. मी म्हणतो, पुढच्या मंगळवारी सांगतो.